अंगात यीस्ट वाढलंय म्हणे! काढा, पाला, लेप – यातलं खरंच काय चालतं?

रोपलावणी
नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसती वाचत होते, आज लिहायची वेळ आली. खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला आमचं घर. भाताची लावणी नुकतीच उरकली. पायाच्या बोटांत चिखल्या झाल्यात, त्या दरवर्षीच्याच. पण यंदा खालीही खाज सुटली आहे, पांढरं जातंय, शिवाय पोट गच्च आणि अंगात मरगळ. सासूबाई म्हणाल्या उष्णता झाली, सब्जा खा. नणंद बेळगावात असते, तिनं मला तिकडच्या एका ‘वेलनेस’वाल्याकडे नेलं.

त्यानं सकाळी उठल्याबरोबर, चूळ न भरता, पाण्याच्या ग्लासात थुंकायला सांगितलं होतं. थुंकीचे दोर खाली लोंबले. मोबाईलवर फोटो बघून म्हणाला, आतड्यात कँडिडा, म्हणजे यीस्ट जातीची बुरशी, माजलाय, आता अंगभर पसरला, म्हणून खाज, म्हणून गॅस, म्हणून थकवा. तीन महिन्यांचं किट घ्या. त्यात ओव्याचा अर्क, लसणाच्या कॅप्सूल, कडुनिंबाचा रस आणि त्रिफळा. वर पथ्य: गोड बंद, इडली-आंबोळी-पाव बंद, दही बंद. किंमत ऐकून नणंदेनंच मला खुणावलं, चल म्हणून.

आता माझं म्हणणं असं की कडुनिंब दारात, लसूण माळ्यावर, ओवा डब्यात. मग घरीच केलं तर चालेल ना? किती घ्यायचं, कुणी सांगेल का? आणि हे अंगभर यीस्ट वगैरे खरं असतं का?

कुंदाप्रेमी
गोड बंद? बेळगावात राहून कुंदा सोडायचा? मग त्या यीस्टनं तरी जगून काय करायचं की ओ.

अनगोळची_आत्या
अगं रोपलावणी, एवढं काय घाबरतेस. कडुनिंबाचा पाला उकळून त्या पाण्यानं धू. रोज ताक पी. खोबरेल लाव. आणि लसणाची एक पाकळी सोलून रात्री आत ठेवायची, सकाळी काढायची. आमच्यात एकीला दोन रात्रीत फरक पडला.

औषधांचं_दुकान
आत्या, पहिल्या तीन गोष्टींवर सावकाश बोलू. लसूण मात्र आजच खोडून टाका. आतली कातडी फार नाजूक असते, लसणानं भाजते. तीन दिवसांनी बाई दुकानात येते ती खाजेसाठी नाही, आगीसाठी. काऊंटरवर चारचौघांत बोलता येत नाही म्हणून कागदावर लिहून आणतात, म्हणून सांगतो.

लसणाच्या गोळ्या तोंडावाटे देऊनही बघितलंय. ऑस्ट्रेलियातली एक चाचणी २०१४ ला छापून आली, त्यात लसणाची गोळी आणि खोटी गोळी यांत फरक दिसला नाही. टी ट्री ऑइल नावाची बाटली हल्ली सगळीकडे मिळते. तेही निखळ आत लावायचं नाही आणि गिळायचं तर मुळीच नाही.

रोपलावणी, तुम्ही दोन गोष्टी सांगा. गेल्या महिना-दीड महिन्यात अँटिबायोटिकचा कोर्स झाला होता का? आणि साखर कधी तपासली होती?

रोपलावणी
अँटिबायोटिक नाही. साखर धाकट्याच्या बाळंतपणात तपासली तीच. तो आता शाळेत जातो.

पेट्रीडिश
मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. आधी ती ग्लासाची परीक्षा संपवू. लाळेत म्यूसिन नावाचं चिकट प्रथिन असतं. रात्रभर तोंड कोरडं राहिलं की लाळ दाट होते आणि पाण्यात टाकली की तिचे दोर लोंबतात. माझ्या लोंबतील, कुंदाप्रेमींच्या लोंबतील, त्या वेलनेसवाल्याच्याही लोंबतील. तोंडात कँडिडा आहे की नाही, हे त्या ग्लासाला कळत नाही.

कँडिडा आल्बिकन्स ही यीस्ट धडधाकट माणसाच्या तोंडात, आतड्यात, बायकांच्या योनिमार्गात मुकाट राहत असते. शेजारचे जीवाणू तिला हातपाय पसरू देत नाहीत. अँटिबायोटिकनं ते मेले, रक्तातली साखर वाढली, स्टिरॉइड चालू असलं, दिवस गेले किंवा प्रतिकारशक्ती ढासळली, की ती माजते. पण माजते ती त्या त्या जागी: तोंडात, जांघेत, स्तनांखालच्या घडीत, सतत पाण्यात हात असणाऱ्यांच्या नखांच्या कडेला. ती खरोखर रक्तात शिरून अंगभर पसरली तर माणूस अतिदक्षता विभागात असतो. ग्लासात थुंकून फोटो काढत बसत नाही.

थकवा, गॅस, डोकेदुखी, चिडचिड या सगळ्याच्या मुळाशी यीस्ट, ही कल्पना अमेरिकेत १९८० च्या दशकात फोफावली. तिची परीक्षाही झाली. १९९० साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये चाचणी आली होती. अशा तक्रारी असलेल्या बायकांना निस्टॅटिन, म्हणजे यीस्ट मारणारंच औषध दिलं. खालची लक्षणं कमी झाली. थकवा-मरगळीत मात्र खोट्या गोळीनं जेवढा फरक पडला तेवढाच यानं पडला.

इडली-आंबोळी बंद करण्याचं तर मला हसूच येतं. पावातली यीस्ट वेगळी, कँडिडा वेगळी. आणि घरची इडली फुगते ती मुख्यतः जीवाणूंमुळे.

घाटमाथा
मॅडम, पण ओवा, लवंग, लसूण यांनी बुरशी मरते असं पेपरात सारखं येतं. आपल्याच बेळगावात पारंपरिक औषधांवर काम करणारी आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, राष्ट्रीय संस्था आहे. मग ते लोक काय उगाच वेळ घालवतात काय?

पेट्रीडिश
उगाच नाही, मरतेच. आमची पोरं दरवर्षी हा प्रयोग करतात. सबूराड अगर नावाच्या माध्यमाच्या ताटलीवर कँडिडा पसरायची. एक-दोन दिवसांत सायीच्या रंगाचा थर येतो आणि झाकण उचललं की आंबलेल्या कणकेचा वास. पसरतानाच अगरला छोटे खड्डे पाडून त्यांत लवंगेचं तेल, ओव्याचं तेल, लसणाचा रस घातला तर त्या खड्ड्यांभोवती काहीच उगवत नाही, स्वच्छ गोल वर्तुळ पडतं. पोरं पट्टीनं वर्तुळ मोजतात, फोटो काढतात आणि घरी जाऊन आईला ओवा खायला सांगतात.

इथेच गफलत आहे. ताटलीत थेंब सरळ यीस्टवर पडतो. तुम्ही ओवा गिळला की त्यातला थायमॉल आतड्यातून शोषला जातो, यकृत त्याचं रूप बदलतं आणि लघवीवाटे बाहेर टाकतं. खाज असलेल्या जागी पोचेपर्यंत त्याचं काय उरतं? लसणाच्या अ‍ॅलिसिनचं तेच, तो तर फार लवकर मोडतो. म्हणून वनस्पतीतलं द्रव्य शोधायचं, शुद्ध करायचं, मात्रा ठरवायची, मग माणसांवर चाचणी घ्यायची, एवढा लांबचा रस्ता असतो. संशोधन संस्था त्यासाठीच असतात.

ओवा गॅसवर चालतो, तेवढ्यासाठी खुशाल खा.

गुडघाभर_चिखल
तुमचं शास्त्र चालू द्या, मी चिखल्यांचं सांगतो. आमचं रान कणकुंबीच्या वाटेवर, पावसाळ्यात चार महिने पाय कोरडा म्हणून नाही. बोटांच्या मधली कातडी पांढरीफटक होते आणि ओल्या कागदासारखी सुटते. खाली लालबुंद. रात्री गरम पाण्यात पाय घातला की जीव जातो.

आमच्याकडं मेंदीचा पाला ठेचून बोटांत भरतात. दारातल्या झुडपाचाच, हिरवा. बाजारातला कोन नव्हे, त्यात काय काय घातलेलं असतंय देव जाणे. पाला वाळला की झटकायचा, बोटं दोनेक दिवस लालसर राहतात, खाज उतरते. करंजेलही लावतात. टाचेला भेगा असतील तर कोकमाचं मुठेल गरम करून.

पण खरं औषध सांगू काय? संध्याकाळी घरी आलं की पाय धुऊन बोट न् बोट जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसायचं आणि चुलीपुढं बसायचं. हे केलं तर पाला नसला तरी चालतंय. हे न करता वर कितीबी पाला भरा, सकाळी पुन्हा चिखल हाईच.

पेट्रीडिश
हे शंभर टक्के बरोबर. मेंदीतलं लॉसोन बुरशी रोखतं, पण ओल गेल्याशिवाय काहीच टिकत नाही. चिखल्यांत यीस्ट एकटी नसते, नायट्याची बुरशी असते, जीवाणू असतात. पाय सुजला, लाल रेघ वर चढायला लागली, ताप आला, तर पाला काढून डॉक्टर गाठा. साखर असलेल्यांनी तर तिथपर्यंत थांबूच नका.

चिकोडीची_नवी_आई
धाग्याला फाटा फोडते, माफ करा. बाळ दोन महिन्यांचं आहे. जिभेवर आणि गालाच्या आत पांढरं आलंय, दूध नीट ओढत नाही. आई म्हणते टाकणखाराची लाही मधात खलून बोटानं लाव, आम्हा सगळ्या भावंडांना तेच लावलं. लावू का?

औषधांचं_दुकान
नका लावू. कृपा करून नका लावू. टाकणखार म्हणजे बोरॅक्स, तान्ह्या बाळाच्या पोटात गेला तर झटके येऊ शकतात. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचाच नसतो, त्यातून बोट्युलिझम नावाची विषबाधा होऊ शकते. दुकानात आजही आज्ज्या लाही मागायला येतात. मी घरात कुणाला हवी ते विचारतो, बाळाला म्हटलं की देत नाही. शिव्या खातो.

आधी बघा, ते दूध तर नाही? ओल्या मऊ कापडानं हलकेच पुसलं की दुधाचा थर निघतो. यीस्टचा थर सहजी निघत नाही, निघाला तर खाली लाल दिसतं. तसं असेल तर बालरोगतज्ज्ञ थेंब किंवा तोंडात लावायचं औषध देतात, स्वस्त असतं. तुमच्या स्तनाग्रांना आग, खाज, भेगा असतील तर तेही सांगा. आई आणि बाळ दोघांचा उपचार एकदम करावा लागतो, नाहीतर तिचं त्याला आणि त्याचं तिला चालूच राहतं.

चिकोडीची_नवी_आई
पुसून बघितलं, निघत नाही. मलाही आग होते, मला वाटलं नवीन म्हणून असेल. उद्या जाते. आईला मधाचं कसं सांगू तेवढं कळेना.

अनगोळची_आत्या
तिला माझं नाव सांग. मी पण आमच्या पोरांना मध चाटवलाय बरं का, त्या वेळी कोण सांगत होतं.

निपाणीकर
आमच्या वडिलांचं विचारतो. वय सत्तरीच्या पुढं, साखर जुनी. तीन-चार महिन्यांपासून लघवीच्या जागी पुढची कातडी लाल, चिरते, पांढरं साचतं. लाजेनं बोलत नव्हते, धोतराला डाग दिसला म्हणून कळलं. गावातल्या एका जाणत्यानं कडुनिंबाचं तेल लावायला आणि चमचाभर प्यायला सांगितलंय. साखरेलाही बरं म्हणे.

औषधांचं_दुकान
तेल प्यायला देऊ नका. साखरेची गोळी अलीकडे बदलली का? पाकिटावर डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन लिहिलंय का बघा. नाव ‘ग्लिफ्लोझिन’नं संपतं.

निपाणीकर
डॅपाग्लिफ्लोझिनच. उन्हाळ्यात नवीन सुरू केली. तुम्हाला कसं कळलं?

औषधांचं_दुकान
ही गोळी रक्तातली जादा साखर लघवीवाटे बाहेर काढते. तिचं कामच ते. मग लघवीत साखर, कातडीखाली ओल, यीस्टला आणखी काय पाहिजे? हा तिचा ओळखीचा दुष्परिणाम आहे, बायकांत जास्त, पुरुषांतही होतो. पेटंट संपल्यापासून ती स्वस्त झाली, म्हणून आता खेड्यापाड्यांतही दिसते. गोळी चांगली आहे, हृदयाला आणि मूत्रपिंडाला तिचा फायदा होतो. म्हणून आपल्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांना हे स्पष्ट सांगा. वडील सांगणार नाहीत, तुम्ही सांगा. लघवी झाली की साध्या पाण्यानं धुऊन टिपून कोरडं करायचं. क्लोट्रिमॅझोलचं साधं मलम बहुतेक वेळा पुरतं.

आणखी एक. फ्लुकोनॅझोलची, म्हणजे यीस्ट मारणारी, गोळी कुणाची उरलेली आणून देऊ नका. साखरेच्या ग्लिमेपिराइडबरोबर घेतली तर साखर खाली घसरू शकते. रक्त पातळ करणारी वॉरफॅरिन घेणाऱ्यांना तर रक्तस्रावाचा धोका.

शहापूरचा_वैद्य
उशिरा आलो. काही जणांना वाटेल वैद्य आला म्हणजे किटची बाजू घेणार. किटच्या डब्यावर परवाना कसला आहे बघितलात का? आयुर्वेदिक औषधाला औषध म्हणून उत्पादन परवाना लागतो. नुसता एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा खात्याचा, चौदा आकडी क्रमांक असेल तर ते कायद्यानं खाद्यपदार्थ आहे, त्याच्यावर रोग बरा करण्याचा दावा चालत नाही.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात तिसाव्या अध्यायात वीस योनिव्यापद, म्हणजे योनीच्या तक्रारी, सांगितल्यात. त्यातली कफानं होणारी आहे तिच्यात पिच्छिल स्राव आणि कंडू, म्हणजे चिकट पाणी आणि खाज, असं वर्णन येतं. म्हणजे तक्रार जुनीच. पण त्या अध्यायात वीस वेगवेगळ्या का सांगितल्या? कारण सगळ्या पांढऱ्या पाण्याला एक औषध नसतं. आमच्याकडे येणाऱ्या बायका मात्र ‘पांढरं जातंय’ एवढंच सांगतात, पुढं विचारलं तर मान खाली.

धुण्यासाठी त्रिफळा किंवा पंचवल्कल वापरतो. वड, पिंपळ, उंबर, पायरी आणि पारोसा पिंपळ यांच्या साली. एक भाग भरड, सोळा भाग पाणी, मंद आचेवर चौथा हिस्सा उरेपर्यंत आटवायचं, बारीक कापडानं दोनदा गाळायचं, कोमट असताना बाहेरून धुवायचं. रोज ताजं, कालचं उरलेलं नाही. तुरट असल्यानं ओल आणि खाज कमी होते. आत पिचकारी मारायची नाही, ते वैद्यानं तपासून ठरवायचं काम. गरोदर बाईनं घरच्या घरी काहीच करू नये.

कडुनिंबाच्या पानांचं पाणी बाहेरून धुवायला चालतं. कडुनिंबाचं तेल पोटात घेण्याबद्दल दुकानवाल्यांशी सहमत. लहान मुलांना ते पाजून विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत.

अनगोळची_आत्या
आणि ताकाचं काय? त्याला तरी नावं ठेवू नका.

पेट्रीडिश
ताक प्या की आत्या, उन्हातून आल्यावर त्याच्यासारखं काही नाही. फक्त विरजणातले जीवाणू वेगळे आणि योनिमार्गात राहून आम्ल बनवणारे लॅक्टोबॅसिलस वेगळे. अँटिबायोटिकबरोबर लॅक्टोबॅसिलस देऊन पुढचा त्रास टळतो का, हेही बघितलं गेलंय. २००४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलं होतं, टळला नाही.

रोपलावणी, तुम्ही तपासणी केलीत का? कारण यीस्टचं पांढरं दह्याच्या चोथ्यासारखं गुठळ्यांचं असतं, फारसा वास नसतो, खाज मात्र जबर. पातळ, करडं आणि मासळीसारखा वास असेल तर तो जीवाणूंचा प्रकार, त्याला यीस्टचं औषध लागू पडत नाही. हिरवट-पिवळं फेसाळ असेल तर तिसरंच काहीतरी, त्यात नवऱ्यालाही औषध लागतं. स्वतःच यीस्ट ठरवून मलम आणणाऱ्या कितीतरी जणींना यीस्ट नसतेच.

रोपलावणी
गेले होते. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात लेडी डॉक्टर बसतात त्या दिवशी गेले. रांग मोठी होती, पण बाईंनी पडदा ओढून नीट बघितलं, काडीवर नमुना घेतला. तुम्ही म्हणता तसंच निघालं. वास येत होता, ते मी इथं लिहिलंच नव्हतं. यीस्ट नाही, जीवाणूंचा प्रकार. गोळ्या दिल्यात. साखर उपाशीपोटी तपासली, नॉर्मल आली. रक्त मात्र कमी आहे, मरगळ त्याची. लोहाच्या गोळ्या सुरू. पोटाचं विचारलं तर म्हणाल्या, लावणीच्या दिवसांत जेवणाची वेळ काय असते तुमची? मी गप्पच.

किटमध्ये लोह नव्हतं, हे आत्ता ध्यानात आलं.

चिखल्यांना मेंदीचा पाला लावला, चुलीपुढं बसायचं मात्र जमत नाही, घरात सगळ्यात शेवटी मीच आडवी होते. आता दिराला सांगितलंय, पहिली आंघोळ आणि पहिली शेकोटी माझी.

एक शेवटचं. त्याच दिराला कमरेला आणि जांघेत गोल गोल चट्टे उठलेत, कडा वर आलेल्या, मध्ये कातडी बरी. दुकानातून मलम आणतो, चार दिवस जातं, मग दुप्पट येतं. त्यालाही यीस्टच म्हणायचं का? सासूबाई टाकळ्याचं बी वाटून लावू म्हणतात.

औषधांचं_दुकान
कड वर आलेली आणि मध्ये बरी म्हणजे बहुधा नायटा. ती दुसरी बुरशी. जांघेतली यीस्ट ओलसर लाल असते, मुख्य चट्ट्याबाहेर बारीक पुटकुळ्या सुटलेल्या दिसतात. त्या मलमाचं नाव वाचा. क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन दिसलं तर त्यात स्टिरॉइड आहे. खाज लगेच थांबते, बुरशी खाली आरामात वाढते. अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं सरकारनं २०१८ लाच ठरवलं, तरी लोक नाव घेऊन मागतात आणि मिळतातही. हल्ली नायटा साध्या औषधाला दाद देत नाही त्याला हेही एक कारण. कातडीच्या डॉक्टरांकडे न्या. घरात आणखी कुणाला असेल तर सगळ्यांना एकदम. टॉवेल वेगळे.

शहापूरचा_वैद्य
टाकळ्याला संस्कृतात दद्रुघ्नच म्हणतात, दद्रु म्हणजे नायटा. तेव्हा सासूबाई चुकीचं सांगत नाहीत. बी आंबट ताकात भिजवून, वाटून कमरेवरच्या चट्ट्याला लावता येईल. जांघेत लावू नका, तिथली कातडी सोलून निघते. आणि स्टिरॉइडनं पातळ झालेल्या कातडीवर तर कुठेच नको, आधी डॉक्टरांना दाखवा.

कुंदाप्रेमी
टाकळ्याची कोवळी भाजी मात्र आता रानात असेल. चणाडाळ घालून. तिच्यावर कुणाचं ऑब्जेक्शन?

गुडघाभर_चिखल
आता कुठली, पानं जून झाली की. पहिल्या पावसात यायचं होतं.